जॉर्जियन की व्हिक्टोरियन? लंडनच्या जुन्या ओळघरात ऑफिस किंवा दवाखाना थाटताना

लंडनमध्ये जुन्या टेरेस्ड हाउसमध्ये, म्हणजे भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या ओळघरात ऑफिस किंवा दवाखाना काढायचा तर बहुधा दोन प्रकारची घरं समोर येतात. एक मध्य लंडनमधल्या ब्लूम्सबरीकडचं जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातलं (साधारण १७१४ ते १८३०); दुसरं त्यानंतरच्या, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं (१८३७ ते १९०१) व्हिक्टोरियन. निर्णय आतल्या मांडणीवर घ्या, भाड्याचा आकडा नंतर बघा, असं माझं ठाम मत आहे.

ब्लूम्सबरीतला बेडफर्ड स्क्वेअर हा चौक (बांधकाम १७७५ ते १७८३) जॉर्जियन घरांचा उत्तम नमुना. साधारण प्रत्येक मजल्यावर एक खोली पुढे, एक मागे आणि बाजूला जिना. पहिल्या मजल्यावरचा दिवाणखाना सर्वांत उंच. तिथून वर जाल तसं छत खाली येतं, खिडक्या आखूड होतात. वकील, हिशेबनीस, लहान प्रकाशनसंस्था यांना हे घर जणू मापाने शिवल्यासारखं बसतं: बैठकीला दिवाणखाना, बाकीच्यांना दार लावून शांतपणे काम करता येईल अशा खोल्या. आर्किटेक्चरल असोसिएशनची वास्तुकलेची शाळा १९१७ पासून याच चौकातल्या घरांत भरते.

पण मधली भिंत पाडून एक मोठं दालन करण्याचं मनात असेल तर हे घर घेऊच नका. १७०० ते १८५० मधली, मूळ रूप टिकलेली बहुतेक घरं वारसा यादीत, म्हणजे कायद्याने संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत आहेत आणि संरक्षण आतल्या जिन्याला, दारांना, छताच्या नक्षीलाही असतं. परवानगीशिवाय त्यांचं रूप बदलणं हा फौजदारी गुन्हा आहे. करार करण्याआधी छतावर जरूर चढा. पुढच्या कठड्याआड अनेकदा छपराचे दोन उतार मध्ये येऊन मिळतात. तिथली पन्हळ पानांनी तुंबली की पाणी थेट खालच्या खोलीत. विटांमधले सांधे सिमेंटने भरले आहेत का तेही पाहा. आपल्याकडे वाड्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि लोणा फुटतो, तेच इथेही होतं. चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा.

व्हिक्टोरियन घरात उजेड जास्त. विटांवरचा कर १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये रद्द झाला. पुढे मोठ्या काचा आणि भिंतीबाहेर आलेल्या बे विंडो सर्रास दिसू लागल्या. दवाखान्याच्या दृष्टीने खरी सोय मागे आहे. स्वयंपाकघर आणि मोरीसाठी मागच्या बाजूला काढलेल्या अरुंद भागात पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आधीपासून असतात. त्यामुळे बेसिन, शौचालय, उपकरणं निर्जंतुक करण्याची खोली तिथे कमी तोडफोडीत बसते. अशी बरीच घरं यादीत नसतात, फक्त संवर्धन क्षेत्रात, म्हणजे परिसराचं बाहेरचं रूप जपलेल्या भागात असतात, म्हणून आत मोकळीक अधिक. मात्र दोन्ही प्रकारच्या घरांतल्या लाकडी तुळया घरगुती वजनासाठी घातलेल्या. फाइलींची कपाटं किंवा जड यंत्रं ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

वापर बदलण्याची परवानगी हलक्यात घेऊ नका. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घरही अशाच ओळीतलं. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये घेतलं, तिथे स्मारक केलं, पण राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, नकार दिला. अपिलानंतर मंजुरी मिळाली ती २०२० मध्ये. एका राज्य सरकारला इतकं थांबावं लागलं. म्हणून आधीपासून ऑफिस म्हणून वापरात असलेलं घर शोधा. सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये ऑफिस, दुकान, दवाखाना, कॅफे हे सगळे ‘ई’ या एकाच वर्गात येतात. त्यांच्यातला बदल एरवी नव्या नियोजन परवानगीशिवाय होतो. वारसा यादीतल्या घराच्या कामांना लागणारी संमती मात्र वेगळी.

आणि पायऱ्या. जॉर्जियन घराच्या दारापुढे अनेकदा तळघराला उजेड देणारा खड्डा असतो आणि त्यावरून दगडी पायऱ्या जातात. तिथे व्हीलचेअरसाठी उतार करणं फार अवघड. साध्या व्हिक्टोरियन घराला बऱ्याचदा एक-दोनच पायऱ्या असतात. दवाखाना काढायचा असता तर मी पहिल्या भेटीत आत शिरण्याआधी दाराशीच थांबून त्या मोजल्या असत्या.