‘खालून नवीन कोटिंग केलंय’ म्हणून विकलेली गाडी जॅकवरून खाली आली

जॅकचा दांडा सहाव्यांदा दाबला आणि गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच गाडीत घुसला. कर्र असा कोरडा आवाज झाला, तपकिरी भुगा माझ्या मनगटावर सांडला आणि नुकतंच जमिनीवरून सुटलेलं मागचं चाक धप्पकन खाली आलं. माझा बारा वर्षांचा मुलगा टॉर्च धरून शेजारी उकिडवा बसला होता. "बाबा, स्टँड आत सरकवू का?" असं त्याने क्षणभर आधीच विचारलं होतं. जॅक जरा तिरका वाटला म्हणून मी "थांब" म्हणालो होतो. त्या एका शब्दावर त्याचा हात वाचला. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो. गाडी माझदा एमएक्स-5, दुसऱ्या पिढीची, 2003 सालची. दोनच सीट, कापडी टप, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. पुण्यात वडिलांची स्कूटर मी स्वतः उघडून दुरुस्त करायचो, तेव्हापासून अशी एखादी गाडी आपल्या हाताने सांभाळायची इच्छा होती. 2,200 पौंड मोजले. विकणारा म्हणाला, "मेव्हण्याची गाडी आहे, तो परदेशी गेला, मी फक्त विकून देतोय." एमओटी, म्हणजे इथली दरवर्षीची तपासणी, नुकतीच पास झालेली. आणि तो पुन्हा पुन्हा सांगत होता की खालून नवीन कोटिंग, म्हणजे गंज अडवणारा काळा लेप, करून घेतलंय. मी वाकून पाहिलं. सगळं काळंभोर, चकचकीत. मालकाने काळजी घेतलीय, असंच मला वाटलं. फसलो ते तिथेच.

या गाडीचं दुखणं जाणकारांना माहीत आहे. टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन भोकांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. भोकांत पालापाचोळा अडकला की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात, ज्याला इथे सिल म्हणतात त्यात, साठतं. वर हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. पत्रा आतून सडत जातो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. सिल सर्वांत आधी कुजते ती मागच्या चाकाच्या लगेच पुढे, आणि कंपनीने जॅक लावायची जागा दाखवलीय तीही तिथेच.

माझ्या गाडीत त्या जागी पत्रा नव्हताच. जाळी कोंबून वर पुट्टी थापलेली, ती घासून गुळगुळीत केलेली आणि त्यावर काळा लेप. निघालेला तुकडा हातात घेतला तर दोन बोटं जाड होता आणि नखाने खरवडला जात होता. ज्याने हे केलं त्याला ती जागा कशासाठी असते हे पक्कं ठाऊक होतं. पैशांचं दुःख आहेच, पण उद्या याखाली कोणीतरी हात घालणार हे माहीत असूनही त्याने लेप मारला, याचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. मी फक्त ‘पास’ हा शब्द बघून बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी मागची वर्षं उघडली. दोन तपासण्यांत मागच्या सिलला गंज लागल्याची सूचना, आणि ताज्या तपासणीत ‘खालच्या भागावर जाड लेप आहे’ अशी नोंद. तपासणाऱ्याला काही खोलून बघायची मुभा नसते. लेपाखाली जे झाकलं ते झाकलंच राहतं. तेव्हा गंजाच्या सूचना मध्येच बंद झाल्या असतील, तर वेल्डिंगचं बिल आणि कामाचे फोटो मागा. ते नसतील तर गाडी सोडून द्या.

बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक न्या. मऊ कापडात गुंडाळून सिलवरून पुढून मागे फिरवा. पत्र्याला तो धरतो, जाड पुट्टीवर निसटतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहा. पत्रा टणटण वाजतो, पुट्टी बद्द. आणि पाण्याची एक बाटली सीटमागच्या भोकांत सावकाश ओता. खाली लगेच धार लागली पाहिजे.

गाडी घेऊन झाली असेल तर निदान उचलण्याआधी हे करा. आमची गाडी इतकी बुटकी की साधा ट्रॉली जॅक, म्हणजे छोट्या चाकांवर सरकणारा जॅक, जो पूर्ण खाली असतानाही तेरा-चौदा सेंटिमीटर उंच असतो, तो आत शिरतच नाही. आठ सेंटिमीटरपर्यंत खाली जाणारा लागतो, किंवा आधी पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवून घ्यावी लागतात. आता मी सिलला जॅक लावतच नाही. पुढे मधल्या क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या भक्कम पट्टीला लावतो आणि मागे डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या खाली, मध्ये रबर ठेवून. पण मागची बाजू उचलताना एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: या गाडीत हँडब्रेक मागच्याच चाकांवर आणि गिअरही मागच्याच चाकांवर. ती चाकं हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचर लावल्याशिवाय दांड्याला हात लावू नका. जमीन सपाट आणि कडक हवी, कारण गाडी वर जाताना जॅकला थोडं सरकावं लागतं. खडीवर तो रुततो आणि तिरका होतो.

जॅक फक्त उचलण्यापुरता. भार घ्यायला स्टँडच हवेत, तेही सबफ्रेमच्या, म्हणजे चाकांचे जोड ज्यावर बसवलेत त्या सांगाड्याच्या, भक्कम जागी. स्टँडवर लिहिलेले टन एकाचे आहेत की जोडीचे, ते नीट वाचा. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीला सुमारे 17 लाख स्टँड परत मागवावे लागले होते, कारण त्यांची उंची धरून ठेवणारा खटका दातांत पुरता बसत नव्हता. म्हणून स्टँडवर ठेवल्यावर गाडीला कमरेने चांगला धक्का देऊन बघा आणि काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा. मग खाली शिरा.

विकणाऱ्याचा फोन तिसऱ्या दिवशी बंद झाला. व्ही-5-सी, म्हणजे इथलं गाडीचं नोंदणीपत्र, त्यावरचं नाव-पत्ता त्याच्या घराशी जुळत नव्हता, हे मी ‘मेव्हणा’ या शब्दावर सोडून दिलं होतं. नंतर त्याच फोन नंबरावर आणखी चार गाड्यांच्या जाहिराती सापडल्या. म्हणजे तो व्यापारीच. व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने 30 दिवसांत परत करता येते. खाजगी विक्रीत तो हक्क नाही, म्हणूनच हे लोक घरासमोर उभे राहून घरगुती विक्रीचं सोंग घेतात. विकणाऱ्याचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून बघा आणि पैसे देण्याआधी जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. माझी जाहिरात त्याने विक्रीच्या संध्याकाळीच काढली होती. बायकोला दाखवायला मी स्क्रीनशॉट घेतला होता, त्यात ‘नवीन कोटिंग, गंज अजिबात नाही’ हे त्याचेच शब्द आहेत. सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या इथल्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर तेच वाचून दाखवलं, आणि पुट्टीचा तो तुकडा मी पिशवीत घालून जपून ठेवलाय.