एक पांढरी, एक पिवळी: ३२३ डॉलर घालवल्यानंतर लिहिते आहे

३२३ डॉलर. जुनं मॉडेल किट विकत घेताना फसले, त्यात गेले. आकडा आधीच सांगून टाकते, नाहीतर हे लिहून होणारच नाही. दोन महिने मी घरातसुद्धा कोणाला धड सांगितलं नव्हतं. सोळा वर्षं मॉडेल गाड्या जोडते आहे, रंगवते आहे, आणि मला एक फोटो नीट बघता आला नाही, हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

किट, म्हणजे गाडीचे सुटे भाग, होतं तामिया या जपानी कंपनीचं: टिरेल पी३४ ही रेसिंग कार, १/१२ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्शाएवढी. पुढे चार छोटी चाकं, मागे दोन मोठी. १९७६ आणि १९७७ असे दोनच हंगाम ही सहाचाकी फॉर्म्युला वनमध्ये धावली, आणि १९७६ची स्वीडिश ग्रां प्री चालक जोडी शेक्टर यानं तिच्यातच जिंकली. १/२४ मापात मी पुष्कळ गाड्या केल्यात, पण त्या पुढच्या चार चाकांची जोडणी डोळाभर बघायची तर १/१२च हवं. किट दुकानात नसतं तेव्हा वर्षानुवर्षं नसतं. मग आपण जुन्या साठ्यातून कोणी विकतंय का ते शोधत बसतो. माझ्यासारखे शोधणारे किती आहेत, हे फसवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

‘फुकटात मिळतंय म्हणून भुललीस’ असं मला ऐकवू नका. विकणाऱ्यानं मागितले होते २५० डॉलर. चालू भावापेक्षा थोडेच कमी. फारच स्वस्त असतं तर मी फिरकलेच नसते, आणि ते त्या माणसानंही ओळखलं होतं. बोलणंही जाणकाराचं. व्हायनल टायर प्लॅस्टिकला चिकटून राहिले की प्लॅस्टिक वितळतं, म्हणून आपण टायर आधीच वेगळ्या पिशवीत काढून ठेवलेत, हे त्यानं आपणहून सांगितलं. असं सांगणारा माणूस खोटा असेल असं कोणाच्या मनात येईल?

आता ते फोटो. एकूण सहा होते. दुसऱ्या फोटोत डब्यात सगळ्यात वर डेकल शीट, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या आकड्यांचा आणि चिन्हांचा कागद, स्वच्छ पांढरी. पाचव्या फोटोत तीच शीट एकटी टेबलावर, आणि आकड्यांभोवतीची पारदर्शक फिल्म चहा सांडल्यासारखी पिवळी. एकाच किटची एकच शीट दोन रंगांची कशी? म्हणजे दोन वेगळ्या किटचे, कुठून तरी उचललेले फोटो. मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी फोटो मोठा करून पाहिला आणि स्वतःलाच समजावलं, की दिव्याच्या उजेडात पिवळं दिसत असेल, आणि पिवळी असली तरी खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात उजळता येईल. मी स्वतः तशा कितीतरी शीट उजळल्यात. माझी माहितीच माझ्या आड आली. त्या एका मिनिटावर मी रात्र रात्र जागी राहिले आहे.

नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो पाठवा, असंही मी म्हटलं होतं. आला तो बंद डब्यावर ठेवलेल्या कागदाचा. रिकामा डबा कोणाकडेही असतो! कागद उघड्या डब्यात, स्प्रूंच्या, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटींच्या, मधोमध ठेवायला सांगा. हो-नाही करायला लागला तर तिथेच सोडा.

पुढचं नेहमीचंच. तो म्हणाला, खरेदी म्हणून नको, ‘मित्र-नातेवाईक’ पर्यायानं पैसे पाठवले तर कमिशन वाचेल, दहा डॉलर कमी करतो. २४० पाठवले. टपालाचे ३८. चार दिवसांनी विम्याचे ४५, ‘किट हातात पडलं की परत मिळतील’ म्हणून. तेही दिले, कारण २७८ आधीच अडकले होते आणि आता मागे हटलं तर सगळंच जाईल असं वाटलं.

पार्सल आलं. म्हणजे लिफाफा आला. लेबलवर वजन छापलेलं: ४० ग्रॅम. आत दुमडलेला खाकी कागद, दुसरं काही नाही. निळा रंग आणून ठेवला होता, प्रायमर केव्हाचा तयार होता. लिफाफा उघडला तेव्हा ते सगळं टेबलावर समोरच होतं.

आणि मग सुरू झाले हेलपाटे. पैसे पाठवणारी कंपनी म्हणते, तुम्ही ओळखीच्या माणसाला पैसे दिलेत, ही खरेदीच नाही. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, शिवाय पार्सल पोहोचल्याची नोंद आहे. कुरिअरवाले म्हणतात, चौकशीचा अर्ज पाठवणाऱ्यानंच करायचा असतो. म्हणजे चोरानं अर्ज करायचा! जाहिरात जिथे होती ते म्हणतात, बोलणं आमच्या बाहेर झालं, आमची जबाबदारी नाही. पोलीस ठाण्यात तासभर बसवून ठेवलं आणि नंतर विचारलं, ‘खेळण्यातल्या गाडीसाठी एवढे पैसे?’ मी कशावर खर्च करते हा प्रश्न होता का? बारा पानांचे पुरावे नेले होते, दोन्ही डेकल शीटवर गोल करून. पहिलं पानसुद्धा कोणी उलटलं नाही. विक्रेता परदेशातला, आम्ही काय करणार, असं म्हणून अर्जावर शिक्का मारून दिला. चाळीस ग्रॅमच्या लिफाफ्यात १/१२ मापाचं किट मावत नाही, एवढं समजायला कुठलं कायद्याचं ज्ञान लागतं? पण पाच ठिकाणी पाच माणसांना हे समजावून सांगितलं, आणि पाचही जणांनी हात झटकले.

कमिशन वाचवू नका. खरेदीचे पैसे खरेदी म्हणूनच पाठवा. प्रत्येक स्प्रूचा वेगळा फोटो मागा, त्यावरची अक्षरं दिसली पाहिजेत, आणि ती सूचनापत्रकाशी ताडून बघा. फोटो आधी कुठे वापरलेत का ते शोधा. मी पैसे गेल्यावर शोधलं, तेव्हा पाचवा फोटो एका जुन्या, केव्हाच विकल्या गेलेल्या किटचा निघाला. रेझिनची किट घेणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहा. तिथे किट येतं, पण मूळ किटवरून साचा काढून नक्कल केलेलं, बुडबुड्यांचं, बॉडी आकसलेली, काच बसत नाही असं. आणि पार्सल घेताना आधी वजन बघा, हलकं वाटलं तर सही करण्याआधी लेबलचा फोटो काढा.

लिफाफा मी जपून ठेवला आहे. बँकेनं दोनदा नाकारलं. तिसरं पत्र गेल्या सोमवारी दिलं, यावेळी लेबलवरचं वजन अगदी वर, पहिल्या ओळीत लिहून. उत्तर यायचं आहे.