कर्णावाला 'अँटिक' ग्रामोफोन घेताय? आधी पेटी उघडून आत बघा

मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, पण जुना ग्रामोफोन किंवा फोनोग्राफ घ्यायच्या विचारात कोणी असेल तर पूर्ण वाचा. मला 1905 चा ओरिजिनल म्हणून जो कर्णावाला ग्रामोफोन विकला गेला तो चार ठिकाणचे पार्ट जोडून बनवलेला निघाला, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं, कारण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. पितळ एवढं चकचकीत कसं? तर कालच पॉलिश केलं. लाकूड नवीन वाटतंय? वाळवी लागली होती म्हणून फक्त वरची फळी बदलली, बाकी सगळं कंपनीचं. आणि लगेच चावी देऊन तबकडी लावली, आवाज खणखणीत, मग समोरचा माणूस अजून काय विचारणार.

वाजतंय हाच यांचा सगळ्यात मोठा पुरावा असतो आणि तो मुळात पुरावाच नाही. आतलं मशीन खरंच जुनं असतं, फक्त ते त्या पेटीचं नसतं. सुटकेससारखे पोर्टेबल ग्रामोफोन नंतरच्या काळात भरपूर बनले, त्यातली मोटर, टर्नटेबल, साउंडबॉक्स (सुई आणि आवाजाचा थरथरणारा पडदा असलेली गोल डबी) काढून घ्यायचे, नवी पेटी ठोकायची, पितळी कर्णा लावायचा, पुढे कुत्र्याचं चित्र चिकटवायचं की झाला 1905 चा. माझ्या मशीनवरचा साउंडबॉक्स 5बी निघाला. हा एचएमव्हीच्या 102 नंबरच्या पोर्टेबलवर यायचा आणि ते मॉडेल 1931 चं आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पडदा असतो, 1905 च्या सुमाराच्या साउंडबॉक्समध्ये अभ्रकाचा असायचा. म्हणजे नुसता साउंडबॉक्स ओळखता आला तरी निम्मं काम होतं. जास्त वाईट याचं वाटतं की असा एक खोटा बनवायला एक चांगला चालू पोर्टेबल मोडला जातो.

जुनी मशीन दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी माझ्यासमोर वरची फळी उचलली तेव्हा सगळं उघडं पडलं. फळीच्या कडेला प्लायवूडचे थर दिसत होते, वरून लावलेल्या तपकिरी पॉलिशचे ओघळ कोपऱ्यात सुकलेले, मोटरच्या फ्रेमला स्क्रूसाठी जी भोकं होती त्यातली दोन रिकामीच, त्यांच्या समोर लाकडात काहीच नाही. चावीचं भोक जुळत नव्हतं म्हणून कानशीने घासून लांबट केलेलं. आणि तेलाचा डाग म्हणून एक नाही! इतकी वर्षं मोटर त्या पेटीत फिरली असती तर खाली ग्रीस गळून लाकूड काळं पडलं असतं. शिवाय स्क्रू प्लसच्या खाचेचे, असे फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात वापरात आले. एखादा स्क्रू कोणीतरी नंतर बदलला असेल हे मान्य, पण सगळेच?

कर्ण्याबद्दल पण सांगतो, 'त्या काळचे सगळे ओरिजिनल कर्णे पितळेचे असायचे' असं मला ठासून सांगितलं होतं. खोटं आहे हे. पितळेचे होते, पण रंगवलेल्या लोखंडी पत्र्याचे आणि लाकडी पण भरपूर असायचे. असं जोडलेलं मशीन नुसतं शोभेला ठेवलं तर एकवेळ चालेल, पण त्यावर चांगल्या तबकड्या लावू नका. आर्म (साउंडबॉक्स धरणारा दांडा) अंदाजाने बसवलेला असतो, सुई खाचेत तिरकी घासते. माझ्या एका तबकडीच्या शेवटच्या खाचा करड्या पडल्या, आता तिथे नुसती खरखर ऐकू येते.

सिलिंडरवाले, म्हणजे तबकडीऐवजी नळकांड्यावर आवाज कोरलेला असतो ते, एडिसन फोनोग्राफ बघत असाल तर मशीनवर लावलेल्या पट्टीवरच्या तारखांना भुलू नका, त्या पेटंटच्या तारखा असतात, मशीन बनल्याच्या नाही. विकणारे त्यातली सगळ्यात जुनी तारीख बोट ठेवून दाखवतात. आणि रिप्रोड्यूसर (फोनोग्राफचा साउंडबॉक्स, ज्याची सुई सिलिंडरवर टेकते) कुठला आहे ते बघा. दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचाला 100 खाचा, 1908 पासून आलेल्या चार मिनिटांच्या सिलिंडरवर 200, दोन्हीची सुई वेगळी, मॉडेल सी दोन मिनिटांसाठी आणि एच चार मिनिटांसाठी. सी लावून चार मिनिटांचं मेणाचं सिलिंडर वाजवून दाखवत असेल तर त्याला तिथेच थांबवा, सिलिंडर खराब होतं.

किमतीचं म्हणाल तर नुसत्या वयावर काही ठरत नाही, जुनी मशीन लाखोंनी बनली होती. मॉडेल किती दुर्मिळ, पार्ट मूळचेच आहेत का, मूळ रंग आणि कंपनीचं चित्र शिल्लक आहे का, यावर ठरते. ओरखडे पडलेली पण मूळ पॉलिशची पेटी बऱ्याचदा नव्याने चकचकीत केलेल्या पेटीपेक्षा जास्त किमतीची असते. चमक दाखवून जास्त पैसे मागत असेल तर तिथेच संशय घ्या.

पैसे परत मागितले तेव्हा 'अँटिक वस्तूला गॅरंटी नसते' एवढंच उत्तर आलं. गॅरंटी मी मागितलीच नव्हती, 1905 चा म्हणून विकला तो 1905 चा असावा एवढंच म्हणणं होतं. बिलावर नुसतं 'ग्रामोफोन 1 नग' लिहिलंय, पण '1905 चा ओरिजिनल, सगळे पार्ट कंपनीचे' हे त्याने मेसेजमध्ये स्वतः लिहिलेलं आहे आणि तक्रारीत मला आता त्याचाच आधार आहे. तुम्ही घ्याल तेव्हा कंपनी, मॉडेल, अंदाजे साल आणि कुठले पार्ट बदललेत हे बिलावरच लिहून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी वरची फळी उचलून आतले फोटो मागा. माझ्यावेळी 'फळी काढली तर सेटिंग बिघडेल' म्हणून त्याने हात लावू दिला नव्हता, काकांनी ती काढून परत बसवली आणि मशीन आधीसारखंच वाजतंय.