ऑस्ट्रेलियाच्या स्किल असेसमेंटचा अकरा महिन्यांचा अनुभव, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीवाल्याकडून

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच पोरं आता स्किल्ड व्हिसाच्या मागं लागल्यात, त्यांच्यासाठी लिहायलोय. मी मेकॅनिकल, २०१५ पास, तेव्हापासून फौंड्रीतच (ओतकामाच्या कारखान्यात), मेथडचं काम, म्हणजे साच्यात धातू कुठून आणि कसा भरायचा ते ठरवणं. इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था व्हिसासाठी आपलं शिक्षण आणि अनुभव तपासून देते, अकरा महिन्यांपूर्वी त्या असेसमेंटची तयारी चालू केली, गेल्या महिन्यात निकाल आला. पॉझिटिव्ह आला पण पूर्ण मनासारखा नाही, ते खाली सांगतो.

आधी एजंटचं. एका एजंटकडं गेलो, त्यानं कार्डवरचं 'मेथड्स हेड' बघितलं आणि म्हणाला इंजिनियरिंग मॅनेजर या कामाच्या कोडमधून टाकू, वजन पडतंय. वर एक तयार रेफरन्स लेटर दिलं, मालकांची सही तेवढी घ्या म्हणाला. घरी येऊन वाचलं तर इंजिनियरिंग मॅनेजरच्या कोडखाली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी यादीत जी कामं दिल्यात तीच शब्द न शब्द, त्यात फौंड्रीचं नावनिशाण नाही. सीडीआरचं, म्हणजे आपल्या कामाबद्दल आपणच लिहून द्यायच्या अहवालाचं, लिखाण इंजिनियर्स ऑस्ट्रेलियावाले चोरी तपासायच्या सॉफ्टवेअरमधून घालतात, आणि व्हिसाच्या टप्प्यावर खोटा कागद सापडला तर पीआयसी ४०२० हा खोट्या कागदांबद्दलचा नियम लावून तीन वर्षं दार बंद. ॲडव्हान्स सोडून दिला आणि स्वतःच बसलो. २३३५१३, प्रोडक्शन ऑर प्लांट इंजिनियर, हाच कोड घेतला, कारण माझं रोजचं काम तेच. माणसं सांभाळतो खरं, पण दिवसाचे सहा तास गेटिंग (धातू साच्यात जायची वाट), रायझर (गोठताना आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणारा साठा) आणि रिजेक्शन यातच जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सीनियर असल्याचा पुरावा. पदाच्या नावाला तिथं काही किंमत नाही हे मला उशिरा कळलं. सीडीआरमध्ये तीन करिअर एपिसोड, म्हणजे आपण केलेल्या एकेका कामाचं वर्णन, लागतात, प्रत्येक १००० ते २५०० शब्दांचा, आणि त्यात मी काय केलं तेवढंच पाहिजे. आपल्याकडं फौंड्रीत 'मी' म्हणायची पद्धतच नाही बघा. हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, चांगली गेली तर आम्ही केलं, बाद गेली तरी आम्ही केलं. माझा पहिला मसुदा सगळा आम्ही आम्हीनं भरलेला, माझ्या बायकोनं वाचून विचारलं, यात तुम्ही कुठं आहात ओ?

मग जुन्या मेथड शीट काढल्या. एक एसजी आयर्नचं (चिवट ओतीव लोखंडाचं) पंप केसिंग होतं, फ्लँजजवळच्या जाड भागात श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पोकळी, यायचं, मशीनिंग होऊन प्रेशर टेस्टला लागलं की लीक. सगळे वाळूला नाव ठेवायचे. मी एक बाद पीस मधोमध कापून घेतला, पोकळी नेमकी रायझरच्या नेकपाशी (रायझर जिथं जोडलेला असतो त्या अरुंद भागापाशी) होती, म्हणजे नेक आधी गोठायचा आणि जाड भागाला धातू पोचायचाच नाही. मॉड्युलस (घनफळ भागिले पृष्ठफळ, त्यावरून कुठला भाग उशिरा गोठणार ते कळतं) काढून रायझरची साइज बदलली, तो फ्लँजच्या बाजूला आणला, नेक वाढवला, पलीकडून चिल (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) बसवली. दोन ट्रायल लागल्या. त्या शीटवर माझी पेन्सिलची आकडेमोड, खाली माझी सही आणि तारीख, पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) शॉपच्या मेस्त्रीची पोच, सगळं तसंच होतं. तो कागद हातात घेतल्यावर एपिसोड दोन दिवसांत लिहून झाला, आणि मोठं पद म्हणजे काय ते मला स्वतःलाच नीट कळलं: काय चुकतंय हे ठरवायचं, आणि पॅटर्न बदलायचा खर्च आपल्या सहीवर घ्यायचा.

रेफरन्स लेटरला मात्र दोन महिने गेले. मालकांनी आधी तीन ओळींचं दिलं, अमुक सालापासून कामाला आहे, वागणूक चांगली, शुभेच्छा. माणूस सोन्यासारखा, पण अशा पत्राचं काय करायचं? पत्र लेटरहेडवर पाहिजे, त्यात तारखा, पूर्णवेळ की कसं, आठवड्याचे तास, पगार, पद कधी बदललं, नेमकी कामं, सही करणाऱ्याचं पद आणि फोन, सगळं पाहिजे. शेवटी एका रविवारी तिसऱ्या रेल्वे गेटजवळ त्यांच्या घरी जाऊन बसलो. काका, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो म्हटलं. त्यांनी वर्षावार सांगितलं, मला आठवत नसलेली कामंसुद्धा त्यांना आठवत होती. ते पत्र सव्वादोन पानांचं झालं, आणि त्यावर एकही प्रश्न आला नाही.

पत्राच्या जोडीला तिसऱ्याकडचा पुरावा लागतो, आणि आपल्या भागातली पोरं इथंच अडकणार. पीएफचं पासबुक सगळ्यात भक्कम, दर महिन्याची नोंद असते. २६एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचं सरकारी स्टेटमेंट) पण चालतंय, पण पगार टॅक्समध्ये बसत नसेल तर टीडीएस कापलेला नसतो आणि तिथं पगाराचं काहीच दिसत नाही, मग रिटर्न आणि बँक स्टेटमेंट. नोकरी सोडलेली असेल तर पीएफमध्ये डेट ऑफ एक्झिट भरलेली आहे का बघा, कंपनी भरत नसेल तर शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी स्वतः ऑनलाइन भरता येते. कन्नड कागद असतील तर इंग्रजी भाषांतर करून मूळ कागदासोबत जोडा. आणि बेळगावच्या इंग्रजी स्पेलिंगचं टेन्शन घेऊ नका. माझ्या पासपोर्टवर जुनं Belgaum, पीएफवर नवं Belagavi, मी एका ओळीत लिहिलं की १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बदललंय, विषय तिथंच संपला.

दुखणं आहे ते माझ्या पहिल्या फौंड्रीचं. २०१५ ते २०१८, तीन वर्षं, पगार रोख पाकिटात, पीएफ नाही, पगाराची स्लिप नाही. फौंड्री बंद पडली. तेव्हाचे मॅनेजर आता खानापूरला असतात, त्यांनी बिचाऱ्यांनी मनापासून पत्र लिहून दिलं, मस्टरवरच्या हजेरीचे माझ्याकडं असलेले फोटो लावले, तरी ती तीन वर्षं धरली नाहीत. रायझर काढायला मी तिथंच शिकलो, भट्टीसमोर रात्रपाळ्या केल्या, आणि कागदावर ती वर्षं नाहीतच. लय लागलं मनाला.

व्हिसाला पॉइंट लागतात, त्यांचा हिशोब असा: बाहेरच्या अनुभवाला पाच वर्षांवर १० आणि आठ वर्षांवर १५. दोन्ही नोकऱ्या धरल्या असत्या तर १५ होते, आता सातच वर्षं धरली म्हणून १०. पुढच्या वर्षी या फौंड्रीतलीच आठ भरतील तेव्हा ते पाच परत येतील. पण तोवर मला तेहतीसावं लागलेलं असेल, आणि वयाचे ३० चे २५ होतील.