वेबसाइट आमची, सातबारा त्यांच्या नावावर

एप्रिलात, ऐन हळदीच्या सीझनमध्ये, आमच्या वेबसाइटवर ‘हे खाते स्थगित केले आहे’ अशी पाटी झळकायला लागली. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमचं शेत त्याच पट्ट्यात. खोदणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश सगळं आटोपून पावडरचे पाऊच भरले होते आणि प्रत्येक पाऊचवर वेबसाइटचा पत्ता अन् क्यूआर कोड छापलेला. वर्षभराची हळद भरून ठेवायचे हेच दिवस. लोक कोड स्कॅन करायचे आणि समोर ती पाटी. पुण्याच्या एका ताईंनी फोन करून विचारलंच, “भाऊ, धंदा बंद केला का?”

होस्टिंग कंपनीचं, म्हणजे जिच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवतात तिचं, नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत सांगतो, कारण आमच्याच भागातल्या संत्रावाल्या अन् मिरचीवाल्या ओळखीच्यांनाही असेच फोन येऊन राहिले आहेत.

विकताना कंपनीचा पोरगा साखरेसारखा गोड. पहिल्या वर्षी महिन्याला शंभराच्या आत, डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता) फुकट, जागा अनलिमिटेड, तीस दिवसांत पैसे परत, सपोर्ट चोवीस तास. “सर, फॉर्म मीच भरतो, तुम्ही फक्त पेमेंट करा.” वेबसाइट पहिल्या आठवड्यापासूनच रखडत होती. फोटो उघडता उघडता गिऱ्हाईक निघून जाई. तक्रार केली की चॅटवर आधी मशीन बोलणार, मग एखादा माणूस येऊन तुमच्या मोबाइलची रेंज तपासायला सांगणार. खेड्यातला माणूस आहे म्हटल्यावर दोष रेंजवर टाकणं सोपंच! मुंबईतल्या गिऱ्हाइकाचे स्क्रीनशॉट पाठवले तर “टेक्निकल टीमकडे पाठवलं आहे.” तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, ‘सोडवले’ म्हणून आपोआप बंद व्हायचं, नवीन उघडलं की नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारायचा. अशात महिना उलटला. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, मुदत संपली. मुदतीत मागितले असते तरी त्या ‘फुकट’ डोमेनची किंमत कापूनच मिळाले असते, तसं अटींत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. लोक याला खराब सपोर्ट म्हणतात. माझ्या मते तो महिना उलटवण्यासाठीच बसवलेला सपोर्ट आहे आणि ते काम तो चोख करतो.

वर्ष भरत आलं तसा ऑटोपेचा मेसेज आला, रक्कम पहिल्या वर्षीच्या तिप्पट, वरून अठरा टक्के जीएसटी. पैसे कटायच्या चोवीस तास आधी असा मेसेज द्यावाच लागतो, तेवढा नियम त्यांनी पाळला. या भावाने नको, आधी बोलू, असं लगेच चॅटवर कळवलं. “होल्डवर टाकलं आहे सर,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी पैसे गेले. ऑटोपे थांबवायचा तर आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने रद्द करायचा. कंपनीच्या तोंडी होकाराला अर्थ नाही.

आणि पैसे घेतल्यावर आठवडाभरात ती पाटी. कारण काय, तर ‘आयनोड’ची मर्यादा ओलांडली. आयनोड म्हणजे सर्व्हरवरच्या फाइल अन् फोल्डरची संख्या. जागा अनलिमिटेड असली तरी फाइल किती ठेवायच्या याला मर्यादा असते आणि ती जाहिरातीत नाही, अटींच्या पानावर असते. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर एक फोटो टाकला तरी ते त्याच्या लहान-मोठ्या चार-सहा प्रती बनवतं. प्लगइनच्या, म्हणजे वरून जोडलेल्या सोयींच्या, हजारो फाइल वेगळ्याच. म्हणजे दुकान थोडं चाललं की मर्यादा गाठली जाणारच. मी म्हटलं, एक दिवस उघडून द्या, जुन्या फाइल काढतो. तर म्हणे मोठा प्लॅन घ्या. मग बॅकअप तरी द्या? त्याची फी वेगळी.

त्यात गंमत अशी की खात्याचा ईमेलही त्या पोराने याच डोमेनवरचा टाकला होता. खातं स्थगित झालं तसा ईमेलही बंद. तिकिटाची उत्तरं त्या बंद पेटीत पडत राहिली आणि ‘ग्राहकाकडून प्रतिसाद नाही’ म्हणून तिकीट बंद होत राहिलं. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, “पैसे घ्याचे असन तं लगेच फोन उचलते, द्याचे असन तं मशीन बोलते.”

होस्टिंग दुसरीकडे घ्यायचं ठरवलं, तेव्हा खरी फसवणूक उघडी पडली. नागपूरच्या भाच्याने डोमेनची नोंद ऑनलाइन तपासली, तर मालक म्हणून नाव कंपनीचं! शेत आम्ही वाहतो अन् सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार. पाऊचवर छापलेला पत्ता आमचा नव्हताच. डोमेन हलवायला लागणारा ऑथ कोड मागितला, तर आधी मोठ्या प्लॅनचे पैसे भरा म्हणाले.

त्याच नोंदीत एक उपयोगाची ओळ सापडली: रजिस्ट्रार, म्हणजे डोमेनची नोंदणी करणारी कंपनी. आम्हाला विकणारी कंपनी नुसती रिसेलर, म्हणजे मधली विक्रेती, होती, डोमेनची खरी नोंदणी दुसऱ्या मोठ्या रजिस्ट्रारकडे होती. डॉट कॉमसारख्या डोमेनचे नियम आयकॅन ही संस्था ठरवते आणि त्या नियमांनुसार मालकाने मागितल्यापासून पाच दिवसांत रजिस्ट्रारने ऑथ कोड द्यावा लागतो. आमची अडचण ‘मालक’ या शब्दाशीच होती. म्हणून पेमेंटची पावती, आमच्या नावाचं बिल, विक्रीवाल्याचा ‘तुमचं डोमेन रजिस्टर झालं’ हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि छापलेल्या पाऊचचा फोटो असं सगळं थेट रजिस्ट्रारला पाठवलं, आणि आयकॅनकडे तक्रार करतो असंही लिहिलं. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. इतके महिने मुका असलेला सपोर्ट यानंतर स्वतःहून फोन करू लागला. डोमेन आमच्या नावावर झालं. आता डोमेन एका ठिकाणी आणि होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी ठेवलं आहे, आणि दोन्हींना ईमेल साधा, फुकटवाला दिला आहे.

पैसे मात्र परत आले नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणून कंपनीच्या शहरात न जाता वर्ध्यालाच अर्ज टाकला. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. त्यांच्या वकिलाचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: वेबसाइट धंद्यासाठी घेतली, म्हणून हे ग्राहकच नाहीत. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा कायद्यातून वगळलेली आहे हे खरं, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेला वापर त्यात धरत नाहीत, असं आमचं म्हणणं. म्हणून हळद घरच्याच शेतातली, दळणं-भरणं मी अन् बायको करतो, घर यावरच चालतं, हे आम्ही अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर तेही आधीच लिहून टाका. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.