लिस्बनहून गाडीने बर्फाकडे: आंदोरा की सिएरा नेवाडा?

लिस्बनला बहीण, मामा किंवा मुलगा आहे, नाताळात तिकडे जायचंय आणि जमल्यास त्याच सुट्टीत मुलांना स्कीइंग दाखवायचंय. असा बेत आखणारी घरं गोव्यात आता कमी नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला असतो: आल्प्सला गाडीने जाता येईल का? येईल, पण लिस्बनहून आल्प्स दोन हजार किलोमीटरच्या आसपास पडतो. शाळेच्या सुट्टीत, मुलं आणि वडीलधारी माणसं बरोबर घेऊन, हा हिशेब बसत नाही. पोर्तुगालातच सेर्रा दा एश्त्रेला आहे. तिथलं तोर्रे हे शिखर १,९९३ मीटर उंच, बर्फात खेळायला चांगलं, पण स्कीचे उतार मोजके आणि बर्फाचा भरवसा कमी. म्हणून शेवटी यादीत दोनच नावं उरतात: स्पेन आणि फ्रान्सच्या मध्ये, पिरेनीज पर्वतातला छोटासा देश आंदोरा आणि दक्षिण स्पेनच्या आंदालुसियातली डोंगररांग सिएरा नेवाडा.

मी दोन्हीकडे गाडीने जाऊन आलोय आणि दोन्ही वेळा माणसं तीच होती: ताई, भावोजी, आम्ही दोघं, मुलं आणि आई. गाडीही तीच, भावोजींची सात सीटची. त्यामुळे खाली लिहिलंय ते आमच्यासारख्या कुटुंबाला धरून आहे. फक्त तरुण मंडळी जाणार असतील तर निकाल वेगळा लागू शकतो, तेही पुढे सांगतो.

आधी रस्ता, कारण सुट्टीचा मोठा भाग तिथेच जातो. लिस्बन ते आंदोरा साधारण १,२५० किलोमीटर: बादाहोस, माद्रिद, झारागोझा, ल्येइडा आणि मग डोंगर. लिस्बन ते सिएरा नेवाडा सातशेच्या थोडं पुढे: सेव्हिल, ग्रानादा आणि मग वर. कागदावर फरक पाचशे किलोमीटरांचा दिसतो, प्रत्यक्षात तो एका मुक्कामाचा असतो. आंदोराला जाताना वाटेत रात्र काढावीच लागते. आम्ही झारागोझाला काढली. सिएरा नेवाडाला पहाटे निघून संध्याकाळी पोचता येतं. तरी आम्ही सेव्हिलला थांबलो, ते संत्र्यांनी लगडलेले रस्ते आईला बघायचे होते म्हणून.

टोलची फारशी चिंता करू नका. पोर्तुगालात लिस्बनहून निघताना मोटरवेवर टोल लागतो, पण आल्गार्व्हमधल्या ए-२२ सारख्या काही रस्त्यांवरचा टोल १ जानेवारी २०२५ पासून उठला. स्पेनमधली झारागोझा–बार्सेलोना मोटरवेही २०२१ पासून मोफत आहे. पेट्रोल-डिझेल सहसा पोर्तुगालापेक्षा स्पेनमध्ये स्वस्त, म्हणून टाकी सीमा ओलांडून भरायची. स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे असतं. हॉटेलला पोचायची वेळ कळवताना हे लक्षात ठेवा.

आंदोराचा रस्ता कंटाळवाणा नाही. बादाहोस सोडल्यावर ओकच्या झाडांची विरळ राई लागते आणि झाडांखाली काळी डुकरं चरताना दिसतात. मुलं बराच वेळ तीच मोजत होती. त्रास होतो तो पुढे, ल्येइडाच्या सपाटीवर. हिवाळ्यात तिथे धुकं बसतं आणि दिवसदिवस हलत नाही. आपल्याला पावसात गाडी चालवायची सवय असते, पण हे धुकं निराळं: वायपर फिरवून उपयोग नाही, मोठे दिवे लावले तर समोर पांढरी भिंत. गाडीचा मागचा फॉगलाइट कुठल्या बटणाने लागतो ते लिस्बनलाच बघून ठेवा. ल्येइडानंतर मोटरवे संपते आणि पोन्स, ओलियाना करत दरीतून वर चढणारा रस्ता सुरू होतो. आमच्या धाकटीला गाडी लागते. गोळी ल्येइडाला थांबून द्यायची, वळणं सुरू झाल्यावर नाही.

पोचल्यावर मात्र आंदोरा सगळं वसूल करतो, हे मान्य करायला हवं. ग्रानव्हालिरा हा तिथला सगळ्यात मोठा स्की भाग, २१० किलोमीटरचे उतार, एकमेकांना जोडलेले. त्यातल्या सोल्देऊ गावात इंग्रजीत शिकवणारे भरपूर शिक्षक मिळतात. आमच्या थोरल्याला त्यांनीच उभं केलं: गुडघे वाकवायचे, स्कीची टोकं जवळ आणून मागे फाकवायची, म्हणजे वेग मरतो. सकाळभर तो पडत होता, दुपारनंतर थांबायचं म्हटलं तरी थांबेना. शिवाय आंदोरात पोर्तुगीज लोक खूप आहेत. हॉटेलात, दुकानात, स्कीवाल्यांना उतारावर नेणाऱ्या लिफ्टवर ताई सरळ पोर्तुगीजमध्ये बोलायची आणि कामं पटापट व्हायची. हा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

मग अडलं कुठे? परतीला.

आंदोराहून स्पेनमध्ये उतरणारा मोठा रस्ता एकच. दरी अरुंद, त्यात नदी, नदीच्या कडेने रस्ता आणि शेवटी सीमा. आंदोरा युरोपीय संघात नाही. तिथे दारू, सिगारेट, अत्तरं, इंधन स्वस्त मिळतं आणि माणशी किती न्यायचं याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. म्हणून सीमेवर तपासणी असते आणि गाड्यांचा वेग उतरतो. हे सगळं रविवारी दुपारी घडतं, कारण शनिवार-रविवारसाठी आलेलं अर्धं कातालोनिया (स्पेनचा लगतचा प्रांत) त्याच वेळी घरी निघालेलं असतं. आम्हीही रविवारीच निघालो होतो. हॉटेलचं बुकिंग बहुधा रविवारीच संपतं.

ती रांग कशी असते ते सांगतो. पुढे गाडी, मागे गाडी, टपांवर स्कीचे बॉक्स, डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला लोखंडी कठडा. गाडी दोन लांबी पुढे सरकते आणि थांबते. हीटर लावला तर धाकटीला मळमळतं, बंद केला तर काच आतून धुरकटते आणि आईचे गुडघे आखडतात. बाथरूम नाही. कुठे वळून बाहेर पडावं तर जागा नाही. फोनवर नकाशा बघावा तर युरोपीय संघाचं मोफत रोमिंग आंदोरात लागू नाही. पोर्तुगीज सिमकार्डाचा डेटा तिथे वेगळ्या दराने, महाग. ताईने आधीच बंद करून ठेवला होता. मुलांना दाखवायला काही नाही, पुढे किती रांग आहे ते कळायला मार्ग नाही. बायकोने फोंड्याहून आणलेलं खाजं डब्यातून काढलं आणि एकेक तुकडा वाटत गेली. डबा रिकामा झाला तरी सीमा दिसेना. सीमेवर कुणी आम्हाला वाईट वागवलं नाही. तिथे पोचलो तेव्हा पासपोर्ट बघितले आणि सोडलं. पण तोवर अंधार पडला होता आणि वळणांचा उतार, ल्येइडाचं धुकं आणि झारागोझापर्यंतचा पल्ला अजून पुढ्यात होता. भावोजी शांत स्वभावाचे. त्या रात्री त्यांनीही झारागोझाला पोचल्यावर जेवायला नको म्हटलं.

उपाय आहेत. मधल्या वारी निघा, किंवा पहाटे अंधारातच सीमा ओलांडा. मी घड्याळ लावून काही मोजलेलं नाही. कुणाला रविवारी रस्ता मोकळा मिळालाही असेल. पण सात माणसं, त्यात एक आजी आणि एक गाडी लागणारं पोर असेल, तर सुट्टीचा शेवट असल्या भरवशावर सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

याला जोडून भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक गोष्ट. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट; आंदोरा त्यातही नाही. तिथे जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही, पण जाता येतं फक्त स्पेन किंवा फ्रान्समधून. म्हणजे परत येताना तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरता. त्यामुळे व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. ताईसारखे पोर्तुगीज पासपोर्टवाले निर्धास्त असतात आणि बेत ठरवताना घरच्यांचा हा मुद्दा विसरला जातो. व्हिसा हातात आला की आधी ती ओळ वाचा. सिएरा नेवाडाला हा प्रश्नच नाही. पोर्तुगाल आणि स्पेन दोन्ही शेंगेनमध्ये. फक्त ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा असतो, तेवढं मोजून घ्या.

आता सिएरा नेवाडा. इथे बर्फाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जागतिक अल्पाइन स्कीइंग स्पर्धा १९९५ साली इथे व्हायच्या होत्या. बर्फच पडला नाही, म्हणून त्या १९९६ मध्ये घेतल्या. इतकं दक्षिणेला असल्याचा हा परिणाम. वाराही जोरदार सुटतो आणि वरच्या लिफ्ट बंद ठेवाव्या लागतात. आमच्या मुक्कामातही तसं झालं. कधी सहारातली धूळ येऊन बसते. मार्च २०२२ मध्ये तर सगळा डोंगर नारिंगी झाला होता. उतारही ग्रानव्हालिराच्या निम्मेच. हाडाच्या स्कीवाल्याला हे कमी वाटेल.

पण आमच्यासारख्यांना, ज्यांच्या घरात सगळ्यांनीच बर्फ पहिल्यांदा पाहिलाय? प्रादोयानो हे खालचं गाव २,१०० मीटरवर, आणि उतार ३,३०० मीटरपर्यंत जातात. नवशिक्यांची जागा मध्ये, बोरेगिलेसला, आणि तिथे गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने जायचं. न शिकणाऱ्यांसाठी नुसत्या गोंडोलाचं तिकीट मिळतं. म्हणून आईही वर आली. उन्हात खुर्ची टाकून, शाल गुंडाळून ती बसली आणि नातवंडं समोरच पडत-उठत होती. आंदोरात ती हॉटेलच्या खिडकीपाशी होती. हा फरक माझ्या लेखी मोठा आहे. (हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर इतक्या उंचीवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.) लहानग्यांना स्लेजवर घसरायला प्रादोयानोतच वेगळी जागा आहे. हवा स्वच्छ असेल तर वरून भूमध्य समुद्र दिसतो, आणि त्यापलीकडे मोरोक्कोचे डोंगर.

राहायचं कुठे, वर की ग्रानादात? वर राहिलं तर लिफ्ट दाराशी, पण नाताळात भाडी कडक. आम्ही ग्रानादात राहिलो. वरचा रस्ता तीसेक किलोमीटरांचा, रुंद, आखीव. चोर्ला घाट पावसाळ्यात चालवणाऱ्याला तो कोरडा असताना अवघड नाही. शनिवार-रविवारी मात्र सगळं ग्रानादा वर येतं, पार्किंग भरतं आणि वर जाणाऱ्या गाड्या खालीच अडवतात. सकाळी लवकर निघालं की हा त्रास टळतो. बर्फ पडत असेल तर टायरांना साखळ्या लागतात. स्पेनमध्ये रस्त्यावरच्या बर्फासाठी लाल पातळी जाहीर झाली की साखळ्या किंवा हिवाळी टायर नसलेल्या गाडीला पुढे जाऊ देत नाहीत. आंदोरात तर हिवाळाभर ही सामग्री गाडीत असणं सक्तीचं आहे. साखळी एकदा घराखाली कोरड्या जागेत चढवून बघा. गार वाऱ्यात, बोटं बधिर झाल्यावर ती कडी हाताला सापडत नाही.

ग्रानादात राहण्याचा खरा फायदा वारा सुटतो तेव्हा कळतो. लिफ्ट बंद पडल्या, आम्ही पाऊण-एक तासात खाली शहरात, कोवळ्या उन्हात. कुणाचा दिवस बुडाला नाही. आंदोरात हवा बिघडली तेव्हा करायला खरेदीशिवाय फार काही सापडलं नव्हतं. तुमचा मुक्काम ५ जानेवारीपर्यंत असेल तर आणखी छान. आपल्याकडे चांदरला आणि रेइश मागुशला होतो तो तीन राजांचा सण स्पेनमध्ये घरोघर साजरा होतो. आदल्या संध्याकाळी मिरवणूक निघते आणि गाड्यांवरून मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटं उधळतात.

तर कुणी काय निवडावं? मुलं मोठी असतील, आधी थोडंफार शिकलेली असतील, हातात जास्त दिवस असतील आणि परतीला मधला वार जमत असेल, तर आंदोराला जरूर जा; उतारांची मजा तिथेच जास्त आहे. बाकीच्यांनी, विशेषतः आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी, आधी सिएरा नेवाडाचा विचार करावा असं सुचवेन. आमच्या घरी पुढच्या वेळेसाठी पुन्हा ग्रानादाच ठरलंय, भावोजींनी कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं.

निघण्याआधीची कामं दोन्हीकडे सारखीच. गाडी तुम्हीही चालवणार असाल तर गोव्यातच आरटीओमधून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. गाडी भाड्याची असेल तर ती स्पेनमध्ये, आणि मुद्दाम विचारून आंदोरात, न्यायला परवानगी आहे का ते लेखी घ्या. स्पेनमध्ये १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मागे, त्यांच्या मापाच्या सीटवरच बसवावं लागतं. व्हिसासाठी काढलेल्या प्रवासविम्यात स्कीइंग बहुतेक वेळा धरलेलं नसतं, ते वेगळं जोडून घ्या. सातही सीट भरल्या की डिकीत सामानाला जागा राहत नाही, तेव्हा टपावरचा बॉक्स लिस्बनलाच बसवा. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतातच. आणि ग्रानादा ठरवलंत तर तिथल्या अल्हाम्ब्रा या प्रसिद्ध राजवाड्याची तिकिटं विमानाच्या तिकिटांबरोबरच काढा, पासपोर्टवर आहे त्याच नावाने. नाताळात ती लवकर संपतात.