फाइनवर्कबाऊ 65: मुठीवर मागे सरकणारे एअर पिस्तूल

सांगलीत विश्रामबागेजवळच्या रेंजवर मी सराव करतो. तिथल्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी आपले जुने फाइनवर्कबाऊ 65 मला दोन महिने वापरायला दिले. जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथे 1965 पासून तयार होऊ लागलेल्या या पिस्तुलाचे उत्पादन केव्हाच थांबले असून स्पर्धांमध्ये त्याची जागा दाबलेल्या हवेच्या पिस्तुलांनी घेतली आहे.

हे स्प्रिंगवर चालणारे पिस्तूल आहे. अशा पिस्तुलात एरवी स्प्रिंग सुटताच हवा दाबणारा दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याचा हिसका थेट मनगटाला बसतो. इथे मात्र नळी आणि सिलिंडर मुठीला घट्ट न जखडता रुळांवर ठेवलेले आहेत, त्यामुळे दट्ट्या सुटताच हा सगळा वरचा भाग मागे सरकतो आणि मूठ हातात जागच्या जागी राहते. पहिल्या दिवशी फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकाकडची नेम धरण्याची खूण) अचानक डोळ्यांकडे येताना पाहून मी दचकलो होतो. आठवडाभरात मात्र त्या हालचालीकडे शांतपणे पाहत राहणे हाच माझा फॉलो थ्रूचा, म्हणजे चाप ओढल्यावरही नेम आणि हात स्थिर ठेवण्याचा, धडा झाला. स्प्रिंग सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत थोडा अधिक वेळ जात असल्याने हात लवकर सैल सोडला की कागदावर ते लगेच दिसते. दहा मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटरचे असते, तिथे अशी ढिलाई चालत नाही.

ट्रिगरची, म्हणजे चापाची, सोय मला सर्वांत आवडली. एक छोटी कळ फिरवली की चाप ओढायला लागणारा जोर, म्हणजे ओढ, 500 ग्रॅमवरून 1360 ग्रॅमवर जाते. काडतुसांच्या पिस्तुलांच्या सेंटर फायर या स्पर्धाप्रकारात तेव्हा एवढी ओढ लागत असे. त्याच सरावासाठी वरच्या भागाचे सरकणे अडवून मुद्दाम हिसका अनुभवताही येतो, ही कल्पकता आजही थक्क करते.

गैरसोयी आहेतच. प्रत्येक छर्ऱ्यासाठी डावीकडची दांडी ओढावी लागते, त्यात पकड हलते आणि साठ छर्ऱ्यांनंतर खांदा भरून येतो. डावखुऱ्यांना तर ती अधिकच अडचणीची. मात्र हवेचा सिलिंडर भरून आणण्याची यातायात नाही, आणि घरच्या घरी रोज सराव करणाऱ्याला हे मोठे सुख आहे.

जुने पिस्तूल कुणी विकत असेल तर दांडी ओढल्यावर वरचा भाग पुढे येऊन नीट अडकतो का आणि चाप ओढल्यावर न अडखळता मागे जातो का, हे दहा-बारा छर्रे मारून पाहावे. तेवढे ठीक असेल, तर सरावासाठी मी ते निःशंकपणे घेईन.